यंदा एक साडी कमी, एक चित्र जास्त



आश्विन लागायच्या आधीच महिला मंडळाच्या ग्रुपवर ती यादी येऊन पडते. सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, गुरुवारी पिवळा. खाली सूचना, ‘सर्व भगिनींनी सहकार्य करावे.’ म्हणजे राखाडी साडी नसलेली बाई असहकार करणारी. मी गेली चार वर्षं सहकार्य करत नाही आणि मला त्याबद्दल ऐकवलंही जातं. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते. राग आला तर येऊ दे, पण शेवटपर्यंत वाचा.

हे नऊ रंग आपल्या आगमात नाहीत, आणि माझ्या शेजारच्या जोशीकाकू म्हणतात की त्यांच्या पोथीतही नाहीत. वीस-बावीस वर्षांपूर्वी एका मराठी दैनिकाने रोजचा रंग जाहीर करून त्या रंगाच्या साड्या नेसलेल्या वाचक बायकांचे फोटो छापायला सुरुवात केली, तिथून हे पसरलं. पहिल्या दिवसाचा रंग चक्क वारावरून ठरतो. फोटो छापून यावा ही हौस मला कळते, त्यात वाईट काही नाही. पण हौसेला व्रताचा दर्जा मिळाला आणि दुकानदारांनी ‘नवरात्र सेट’ बांधून ठेवले, तेव्हा निदान आपण तरी विचारायला हवं होतं की हे कोणाच्या सांगण्यावरून चाललंय.

कारण आपल्याकडे आश्विनातले नऊ दिवस आणि त्यांचे रंग आधीपासून आहेत. शुद्ध सप्तमीपासून पौर्णिमेपर्यंतची नवपदाची ओळी. अरिहंत पांढरा, सिद्ध लाल, आचार्य पिवळा, उपाध्याय हिरवा, साधू काळा, आणि दर्शन, ज्ञान, चारित्र, तप ही चारही पदं पांढरी. हे रंग नेसायचे नसतात, ताटात घ्यायचे असतात. पहिल्या दिवशी तांदूळ, दुसऱ्या दिवशी गहू, मग हरभरा, मूग, उडीद आणि पुन्हा तांदूळ. दूध नाही, तूप-तेल नाही, गूळ-साखर नाही, मसाला नाही. दिवसातून एकदा, एका बैठकीत, उकळलेलं पाणी. माझ्या सासूबाई पाचव्या दिवशी नुसते वाफवलेले उडीद खायच्या आणि म्हणायच्या, ‘आज काळा रंग आहे.’ नवरात्र आणि ओळी यांचे तीन दिवस एकावर एक येतात. त्या तीन दिवसांत आपल्या आयंबिल खात्यात ताटं किती लागतात आणि स्टेशन रोडवरच्या साडीच्या दुकानांत आपल्या बायका किती दिसतात, एवढं एकदा बघून या.

मी काही कपड्यांच्या विरुद्ध नाही. पावसाळा सरला, ऊन स्वच्छ झालं, पेट्या उघडून कपडे उन्हात टाकले की नवं काहीतरी अंगावर घ्यावंसं वाटतंच. शरदातली ती इच्छा मलाही होते. प्रश्न किती, कशाचं आणि त्या पैशाने आपण दुसरं काय घेऊ शकत होतो, हा आहे.

‘किती’चं उत्तर तर आपल्या हातात देऊन ठेवलंय. रोज सकाळी चौदा नियम धारायचे, त्यात ‘वस्त्र’ हा एक नियम आहे. आज किती वस्त्रं वापरीन, याची मर्यादा. आपल्यातल्या कितीतरी जणी रोज धारतात. ‘आज पाच वस्त्रं’ असं म्हणतात आणि संध्याकाळी नव्वदावी साडी घेऊन येतात. नियम अंगावरच्या कपड्यांचा आहे, कपाटातल्या नाही, असा वकिली अर्थ आपण काढलाय. पण पाचवं अणुव्रत परिग्रहाच्या परिमाणाचं आहे आणि त्यात कपाटही येतं, पेटीही येते, माळ्यावरची बॅगही येते.

आता थोडा हिशेब. बी.कॉम.ला आम्हाला घसारा शिकवला होता. वस्तूची किंमत दरवर्षी पुस्तकात कमी करत जायची, कारण ती झिजते. समजा साडी साडेचार हजाराची, फॉल-पिको दीडशे, ब्लाउजची शिलाई अस्तरासकट साडेसातशे. झाले ५,४००. पाच वर्षांत ती तीनदा नेसली, एक लग्न, एक दिवाळी, एक पारणं. एका नेसण्याला १,८०० रुपये पडले. त्यानंतर ब्लाउज होत नाही आणि ‘सगळ्यांनी बघितली आहे’ म्हणून ती कपाटात राहते. ही साडी झिजली नाही तरी तिची किंमत संपली. असा घसारा आमच्या पुस्तकात नव्हता.

‘कशाचं’ हा प्रश्न जास्त कडू आहे. पर्युषणात आणि चातुर्मासात आपण कंदमूळ सोडतो. कित्येक घरांत बटाटा, कांदा, गाजर वर्षभर येत नाही. का, तर अनंतकाय. स्थावर, एकेंद्रिय जीव, पण अनंत. छान. मग दिवाळीला रेशीम? कोषातला किडा त्रस जीव आहे. आपलं पहिलंच अणुव्रत त्रस जीवाची जाणूनबुजून हिंसा करायची नाही हे आहे. कोषातून पतंग बाहेर पडला तर कोषाला भोक पडतं आणि सलग धागा तुटतो, म्हणून तो बाहेर पडायच्या आत कोष वाफेने किंवा गरम हवेने मारतात, मग गरम पाण्यात धागा सोडवतात. एक किलो कच्च्या रेशमाला साधारण ६ ते ८ किलो कोष लागतात आणि एका कोषाचं वजन दीड-दोन ग्रॅम. करा भागाकार. किलोला तीन ते पाच हजार जीव. अर्ध्या किलोच्या साडीला दीड हजाराच्या वर. मुंगी चिरडली तर ‘मिच्छा मि दुक्कडं’ म्हणणाऱ्या आपण, दीड हजारांना खांद्यावर पदर करून घेऊन भगवंतांच्या निर्वाणदिनाला जातो. त्या भगवंतांच्या अंगावर दीक्षेनंतर एकच देवदूष्य वस्त्र होतं आणि तेरा महिन्यांनी तेही राहिलं नाही, हे आपण दरवर्षी कल्पसूत्रात ऐकतो. ऐकून घरी येतो आणि पावापुरीच्या दिवशी काय नेसायचं ते ठरवायला कपाट उघडतो.

‘रेशीम शुद्ध असतं, सोवळ्यात चालतं’ हा युक्तिवाद मला सांगू नका. तो आपला नाहीच. आणि या गोष्टीचा विचार फक्त जैनांनीच केला असंही नाही. राष्ट्रपती व्यंकटरमण यांच्या पत्नी जानकीबाईंनी किडे न मारता केलेली रेशमी साडी मिळेल का असं विचारलं, आणि त्यावरून आंध्रच्या हातमाग खात्यातल्या कुसुमा राजय्या यांनी पतंग उडून गेल्यानंतरच्या कोषांपासून धागा काढायच्या खटपटीला सुरुवात केली. तेच अहिंसा रेशीम. अहिंसेचा वारसा आपला, आणि प्रश्न विचारला दुसऱ्याच बाईने. हे रेशीम महाग आहे, चमक कमी आहे, आणि खरंच तसंच केलंय का हे दुकानात कळायला मार्ग नाही. त्यामुळे मी तर सुतीच नेसते. इरकल, सुती नारायणपेठ, मंगळगिरी, खादी. सणाला उठून दिसत नाही असं वाटणाऱ्यांनी एकदा गडद जांभळी इरकल नेसून बघावी.

येवल्याच्या विणकराशी माझं भांडण नाही हेही लिहून ठेवते, कारण येवलं आपल्या शेजारचं गाव आहे आणि तिथे आपल्या ओळखीची माणसं आहेत. उलट-सुलट दोन्ही बाजूंनी सारखा दिसणारा पदर हातमागावर विणणारा माणूस कलावंत आहे. पण आपण त्याच्याकडून तरी कुठे घेतो? आपण घेतो मशिनवरची, दोन हजाराची, ‘पैठणीसारखी दिसणारी’. त्यात विणकराला दमडी मिळत नाही. वारली चित्रांच्या साड्यांचंही तेच. वर्तुळाची डोकी, त्रिकोणाची अंगं, तारपा नाच, सगळं पॉलिएस्टरवर छापलेलं. ज्यांच्या भिंतीवरून ते उचललं त्या पाड्यांवर त्यातलं काहीच जात नाही.

आता माझं खरं म्हणणं. यंदाच्या दिवाळीला एक साडी कमी घ्या आणि त्या पैशात एक चित्र घ्या. छापलेलं नाही. जिवंत माणसाने हाताने काढलेलं, त्याची सही असलेलं.

हे म्हटलं की मंडळात हशा होतो. ‘चित्राचं काय करायचं?’ अहो, साडीचं काय करता? दुसरं उत्तर येतं, ‘आपण स्थानकवासी, आपल्यात मूर्ती नाही, चित्र नाही, स्थानकाच्या भिंती मोकळ्या असतात.’ खरंय, आणि मला त्या मोकळ्या भिंती फार आवडतात. तुमच्या हॉलची भिंत तशी मोकळी असती तर मी हा लेख लिहिलाच नसता. तिथे मेडिकल दुकानाचं कॅलेंडर आहे, सिमेंट कंपनीचं घड्याळ आहे, धबधब्याचं चमकणारं पोस्टर आहे आणि त्यावर प्लास्टिकची वेल. म्हणजे तुम्ही चित्राच्या विरुद्ध नाही. फुकट न मिळणाऱ्या चित्राच्या विरुद्ध आहात.

अजून एक गोष्ट मी इतक्या वर्षांत बघितली. साडी घ्यायला आपल्याला कोणाला विचारावं लागत नाही. पाच हजारांची घेतली तरी घरात कोणी ब्र काढत नाही, ‘बायकांचं असतंच’ म्हणून सोडून देतात. पण पाच हजारांचं चित्र घ्यायचं म्हटलं की घरात सभा भरते. कारण साडी आपल्या अंगावर असते आणि भिंत घराची असते. अंग सजवायला आपल्याला मोकळीक आहे, घराच्या भिंतीवर आपलं मत लावायला नाही. साडीच्या बाबतीत आपल्याला मिळालेल्या या स्वातंत्र्यावर मी फार खूश नाही. ते आपल्याला गप्प ठेवायला दिलेलं आहे.

आणि आपल्या आज्या-पणज्या अशा नव्हत्या. पश्चिम भारतात ताडपत्रावर आणि मग कागदावर जी चित्रं झाली, त्यातली कितीतरी जैन श्रावकांनी पैसे देऊन करवून घेतलेली आहेत आणि देणाऱ्याचं नाव पोथीच्या शेवटी प्रशस्तीत लिहिलेलं असतं. १४६५ साली जौनपूरला सोन्याच्या शाईत लिहिलेलं एक सचित्र कल्पसूत्र तयार झालं. आज ते जगभरच्या कलेच्या पुस्तकांत असतं. ते करवून घेतलं हर्षिणी श्राविकेने. एका श्राविकेने! तिच्या वेळी ते ‘जुनं मौल्यवान’ नव्हतं. त्या वर्षीचं, त्या वेळच्या चित्रकाराचं ताजं काम होतं. तिने त्या हाताला काम दिलं म्हणून आज पोथी आहे. तिच्या साड्या कुठे आहेत?

एवढ्या लांब जायला नको असेल तर मनमाडच्या पुढे अंकाई-टंकाईला जा. येवल्याला साडी आणायला जाताना वाटेतच आहे. हजार वर्षांच्या आसपासची आपली लेणी आहेत तिथे. खांब, अंबिका, छतात कोरलेलं मोठं कमळ. कोणीतरी त्या पाथरवटांना धान्य दिलं असेल, पैसा दिला असेल, त्याशिवाय ते झालं नाही. गाड्या भरून आपण तिथून पुढे जातो, थांबत नाही. नांदगावातल्या किती जणींनी ती लेणी बघितली आहेत हे विचारायलाही मला नको वाटतं.

आता सगळ्यात जड आक्षेप. तो एका महासतीजींनी मला विचारला होता, आणि त्यांच्या तोंडून आला म्हणून मी त्यावर बरेच दिवस विचार केला. ‘साडीचा परिग्रह सोडून चित्राचा परिग्रह धरलास, तर फरक काय?’ फरक नाही, जर तुम्ही ‘संग्रह’ करायला लागलात तर. आजकाल पेपरात येतं, कलेत गुंतवणूक करा. वासुदेव गायतोंडे यांचं चित्र २०१३ मध्ये मुंबईतल्या लिलावात २३ कोटींच्या वर गेलं, अशी उदाहरणं देतात. गायतोंडे आयुष्यभर किती साधे राहिले, ते कोणी सांगत नाही, आणि त्या २३ कोटींतला रुपयाही त्यांना मिळाला नाही. ते २००१ मध्येच गेले होते. भाव वाढेल म्हणून चित्र घेऊन गुंडाळून ठेवायचं, हा सरळ परिग्रह आहे, सोन्याच्या बिस्किटासारखाच. त्यापेक्षा सोनं घ्या, मोडताना सोपं जातं.

माझा नियम असा. भिंतीवर मावतील तेवढीच, माझ्या घरात चार. पाचवं आलं तर चारातलं एक मुलीला, सुनेला, शाळेला किंवा दवाखान्यात द्यायचं. माळ्यावर एकही नाही. मी महासतीजींना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘चार म्हणजे चारच ना?’ मी पच्चक्खाण घेतलं. साड्यांचं असं पच्चक्खाण घ्यायला मंडळातून कोण तयार आहे?

आणि खर्चाचा हिशेब हवाच असेल तर तेच ५,४०० घ्या. चौकटीसकट तेवढ्यात एखाद्या नवख्या चित्रकाराचं लहान जलरंग चित्र मिळतं. ते दहा वर्षं रोज दिसणार. दिवसाला दीड रुपयाच्या आत. करसुद्धा आता आपल्या बाजूने आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून हाताने काढलेल्या चित्रावर जीएसटी ५ टक्के झाला, आधी १२ होता. आणि अडीच हजारांवरच्या शिवलेल्या ड्रेसवर, घागऱ्यावर तो १८ झाला. नवख्या चित्रकाराची उलाढाल एवढी कमी असते की तो बहुतेक वेळा कर लावतच नाही.

घ्यायचं कुठून? मुंबईला लग्नाला जातोच आपण. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून उभी आहे, आत जायला तिकीट नाही आणि बाहेर फुटपाथवर चित्रकार स्वतः बसलेले असतात. नाशिकला कुसुमाग्रज स्मारकात प्रदर्शनं भरतात. शिवाजी तुपे यांच्यासारख्यांनी नाशिकचे घाट, वाडे जलरंगात रंगवले आणि त्या वळणाने काम करणारी पुष्कळ मुलं आज नाशकात आहेत. कला महाविद्यालयांची वर्षअखेरची प्रदर्शनं चुकवू नका, तिथे भाव सगळ्यात परवडणारे असतात. लाकडावर किंवा लिनोलियमवर कोरून हाताने काढलेले छापेही असतात. खाली पेन्सिलीत ३/२० असं लिहिलेलं असतं, म्हणजे वीस प्रतींतली तिसरी. ते मूळ कामच असतं, झेरॉक्स नाही, आणि एकच प्रत नसल्याने स्वस्त पडतं.

आपल्या दृष्टीने एक विचारून घ्या, ब्रश कशाचा? जुन्या पद्धतीच्या बारीक कामाला खारीच्या शेपटीचे केस वापरतात. मुंगसाच्या केसांचे ब्रश तर कायद्याने बंद आहेत, तरी चोरून विकले जातात. नायलॉनचे ब्रश चांगले मिळतात. विचारलं की मुलं आधी हसतात, मग खरं ते सांगतात. वारलीत हा प्रश्नच नाही. बांबूची काडी टोकाला चावून तिचा कुंचला करायचा आणि तांदळाचं पीठ पाण्यात कालवून रंग. लग्नघराच्या भिंतीवर ही चित्रं मुळात सवाष्णींनी काढायची. जिव्या सोमा म्हसे यांनी ती कागदावर-कापडावर आणली, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. अशा हाताचं लहान चित्र छापील वारली साडीहून महाग पडत नाही.

चौकट करताना काच आणि चित्र यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याची कडा ठेवायला सांगा, नाहीतर ओलीने कागद काचेला चिकटतो. आपल्याकडच्या उन्हासमोरची भिंत नको, दोन उन्हाळ्यांत जलरंग उडतो.

आणि घासाघीस करू नका. साडीच्या दुकानात गादीवर बसून, चहा पिऊन, चाळीस साड्या उलगडून शंभर रुपये कमी करून घ्यायची आपली सवय इथे नको. त्या दुकानदाराचं शंभराने काही जात नाही.

हे शेवटचं मी कोणाला उद्देशून लिहितेय ते कळेल. आपल्याच समाजातली एक मुलगी नाशिकला चित्रकला शिकते आहे. नाव लिहीत नाही. महावीर जयंतीला मंडळाने तिच्याकडून व्यासपीठामागचा बारा फुटांचा पडदा रंगवून घेतला, चौदा स्वप्नांचा. सहा दिवस ती हॉलमध्ये जमिनीवर बसून काम करत होती. मंडपवाल्याला आपण आगाऊ पैसे दिले, कॅटररला दिले, फुलवाल्याला दिले. तिला एक श्रीफळ आणि ‘आपलीच मुलगी’ एवढं मिळालं. रंगांचे पैसे तिच्या वडिलांनी दिले आणि तेच आता तिला विचारताहेत की हे शिक्षण सोडून बी.एड. का करत नाहीस. मी मीटिंगमध्ये हे बोलले तेव्हा खजिनदारबाई म्हणाल्या, ‘कलेचे कसले पैसे, तिचं पुण्य झालं.’ त्याच मीटिंगमध्ये नवरात्रीच्या सारख्या साड्यांसाठी माणशी दोन हजार गोळा झाले. पंचवीस जणींचे पन्नास हजार.

तिच्याकडे लहान कामं आहेत, मी बघितली आहेत. मनमाडचं स्टेशन पहाटेचं, आपल्या आठवडे बाजारातल्या भाजीवाल्या, एक अंकाईचं. दोन हजारांपासून सहा हजारांपर्यंत. दिवाळीच्या सुट्टीत ती घरी येणार आहे. धनत्रयोदशीच्या आधीच्या रविवारी दुपारी मी तिच्याकडे जाणार आहे. माझी चारची मर्यादा भरलेली आहे, त्यामुळे अंकाईचं घेऊन जुनं एक मुलीला द्यायचं ठरवलंय. ज्यांना यायचं असेल त्यांनी मला फोन करा. तीनच्या पुढे निघू, गाडीत अजून तीन जणी मावतात.